वच्छीनं दिलेला रोट

आमच्या वच्छीचं पोट फक्त शाळेच्या दिवशी दुखायचं. रविवारी पोरगी बांधावरच्या चिंचेवर माकडासारखी चढायची, दोन भाकरी हाणायची आणि वर ताकाला पुन्हा वाटी पुढे करायची. सोमवारी सकाळी मात्र ताट पुढ्यात आलं की पोटाला हात लावून बसायची.

"माय, मन्हं पोट दुखस."

सासूबाईंनी ओवा चावायला दिला, हिंग कालवून बेंबीला लावला, मीठमोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या. सासूबाईंचा हिंगावर जेवढा भरवसा होता तेवढा माझ्यावर कधीच नव्हता, म्हणून मी मध्ये पडले नाही. पण आईला कळायचं ते कळतंच. हिंगानं बरं होणारं ते दुखणं नव्हतं.

सदुसष्ट सालचा आषाढ होता तो. वच्छी चौथीत होती. शाळेत नाव वत्सला, घरात वच्छी. पोरगी हिशेबाला अशी तेज की बापाबरोबर कापसाच्या गाडीवर बसून सोनगीरला गेली, तर कापूस घेणाऱ्या दीपचंदशेठची पेन्सिल कागदाला लागायच्या आत वजनाची बेरीज हिच्या तोंडून बाहेर. शेठ हसून म्हणायचे, "आधार, ही पोर मला मुनीम म्हणून दे." आधार म्हणजे आमचे हे. माणूस देवासारखा, आणि देवासारखाच गप्प. पोट दुखण्याचं त्यांच्या कानावर घातलं तर म्हणाले, "राहू दे घर. भुईमूगनी निंदनी चालू शे, तेवढाच हातभार."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला ठाऊक होतं ना पुढे काय होतं ते! मी दुसरीत असताना मास्तरनं एकदा छडी मारली आणि मी रडत घरी आले. बाप म्हणाला, राहू दे घरी. तो एक दिवस राहिले ती कायमचीच राहिले. मला तेव्हा अक्षर लावून लावून वाचावं लागे आणि त्याची लाज माझ्या मनात खुपत असे. आमच्याकडे बैल सुटला तर सगळा गाव शोधायला निघतो. पोरगी शाळेतून सुटली तर कुणी विचारत नाही. म्हणून मी मनाशी ठरवलं होतं, वच्छीची शाळा सुटू द्यायची नाही, मग जगाशी भांडावं लागलं तरी चालेल. भांडणाचं मला तसं वावडं नव्हतंच.

एक दिवस तिला निंदायला नेलं. काम करताना पोरं खरं बोलतात, समोर बसवून विचारलं की बोलत नाहीत. अर्धी ओळ निंदून झाल्यावर मी खुरपं न थांबवता म्हणाले, "बाईस्नी मारं का तुले?"

"नही."

"मंग?"

तिनं मुठीतलं गवत बांधावर फेकलं. मग सगळं एकदम बाहेर पडलं. माळवे बाई फळ्यावर गणित करत होत्या. मध्येच तिसरीतल्या दोघांची मारामारी लागली, बाई ओरडायला वळल्या, परत येऊन पाहतात तर कुठवर आलो होतो तेच आठवेना. इकडे वच्छीनं बसल्या जागेवरून उत्तर ओरडून सांगितलं. सगळा वर्ग हसला. बाईंनी हातातलं फडकं भिंतीवर फेकलं आणि म्हणाल्या, "फार शहाणी झालीस? जा, बाहेर ओट्यावर बस." त्या दिवसापासून वच्छी रोज ओट्यावर बसत होती. बाईंनी आत बोलावलं नाही आणि ही आपण होऊन गेली नाही. ओट्यावरून फळा दिसत नाही. शेळ्या येतात, कुत्री येतात. येणारा-जाणारा विचारतो, काय गं, काय गुन्हा केलास?

"माय," खुरप्यानं माती उकरत ती म्हणाली, "उत्तर बराबर व्हतं."

खरं दुखणं हे होतं. चुकल्यावर मार खाल्ला असता तर पोरगी दुसऱ्या दिवशी विसरली असती. बरोबर असून बाहेर बसावं लागलं ते तिच्या पोटात गेलं होतं.

मी खुरपं तिथंच टाकलं, हात धुतले आणि तडक शाळेत गेले.

माळवे बाई संगमनेरकडच्या, जातीनं शिंपी. वय असेल बावीस-तेवीस. लग्न नव्हतं झालेलं. आमच्या गावात तर सोडाच, अख्ख्या धुळे तालुक्यात त्यांचं कुणी नव्हतं. गावाच्या टोकाला एका खोलीत एकट्या राहायच्या. शाळेत आधी दोन मास्तर होते. मोठ्या गुरुजींची बदली झाली आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही, तेव्हापासून पहिली ते चौथी सगळं बाईंच्या गळ्यात. शिवाय पोरांना दुधाच्या भुकटीचं दूध द्यायचं होतं, तेही बाईंनीच उकळायचं. हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. पण रागात माणसाला माहीत असलेलं आठवत नाही.

मी गेले तेव्हा बाई ओट्याच्या कोपऱ्यात चुलीवर वाकल्या होत्या. लाकडं ओली, धूर डोळ्यांत, पातेल्यातलं दूध वर यायला लागलेलं, आणि आत चार वर्गांची पोरं अशी कालवा करत होती की बाजार बरा. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला माझ्या लेकीची रिकामी जागा. तेवढी जागा मला दिसली.

"बाई, मन्ही पोरले भायेर कसाले बसाडतस तुम्ही?" मी विचारलं.

बाई दचकल्या, पदरानं पातेलं धरायला गेल्या, हात पोळला. दूध चुलीत गेलं. पुढे काय विचारता! त्या म्हणाल्या, मुलीला शिस्त नाही. मी म्हटलं, तुमाले तोंड शे तर माले बी शे. त्या म्हणाल्या, "एवढी हुशार वाटते तर घरी शिकवा!" मी म्हटलं, घर शिकाडता येतं तर तुमनं तोंड कोन पाहतं! आतला कालवा एकदम थांबला. सगळी पोरं दारात येऊन तमाशा बघायला लागली. पण बाईंनी डोळ्यांत पाणी आणलं नाही. मला मनातून बरं वाटलं. रडकी असती तर भांडायला मजा आली नसती.

दुसऱ्या दिवशी आमचे हे त्यांच्या रीतीनं गेले. टोपलीभर हिरवी वांगी घेतली, बाईंच्या खोलीच्या दाराशी ठेवली आणि हात जोडून उभे राहिले. बाई म्हणाल्या, "मी कुणाकडून काही घेत नाही. उद्या म्हणाल, वांग्यासाठी मुलीला आत घेतलं." वांगी तशीच्या तशी घरी आली. त्यांचं भरीत करताना मला पहिल्यांदा वाटलं, बाई दिसते तशी नाही, ताठ कण्याची आहे. पण म्हणून वच्छी आत गेली का? नाही. पोटाचं दुखणं चालूच.

मग श्रावण आला आणि नागपंचमीनंतरचा रविवार आला. त्या दिवशी खानदेशात घरोघर कानबाई बसते. तिची तयारी म्हणजे लग्नघरची तयारी. घर सारवायचं, कानबाईच्या नारळाला नथ-हार घालून नवरीसारखं सजवायचं, रात्रभर गाणी म्हणायची, आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर पोचवायची. आणि सगळ्यात मोठं म्हणजे रोट. घरातल्या नि भाऊबंदांतल्या एकेका माणसाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचे, ते दळायचे, त्या पिठाच्या जाड गोड पोळ्या करायच्या. तेच रोट. ते पौर्णिमेच्या आत संपवायचे आणि फक्त आपल्या कुळातल्या माणसांनी खायचे. शेजारी कितीही जवळचा असो, त्याला नाही. आमच्या घरात तर लग्न होऊन गेलेली लेकसुद्धा रोटाला हात लावत नाही, कारण ती दुसऱ्या कुळाची झाली. रोटाचा तुकडा उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. सासूबाई रोट असे जपायच्या की मांजर घरात आलं तरी काठी घेऊन उभ्या.

मंगळवारी सकाळी वच्छीचं पोट पुन्हा दुखलं. मी तिच्यापुढे बसले आणि म्हणाले, "हे पाय बेटा. पोट दुखू दे. ओटावर बसशी तरी चाली, पन शाळामाच बसशी. तू घर बसनी तर मन्हासारखी व्हशी." मला बोलताना रडू आलं आणि तिनं ते पाहिलं. पोरगी उठली, वेणी घालून घेतली, पाटी घेतली, फडक्यात भाकरी बांधली आणि गेली. भाकरीबरोबर तिनं आणखी काय बांधलं ते मी पाहिलं नाही. नाहीतर तिथंच धरली असती.

दुपार कलली तेव्हा आमच्या भाऊबंदातल्या लोटनची बायको ताईबाई धावतच दारात आली. श्वास पुरेना तिला. तिची पोरगी वच्छीच्याच वर्गात होती, ती सांगत घरी आली होती. वच्छीनं बाईंना कानबाईचा रोट दिला. बाईंनी खाल्ला.

सासूबाई मटकन खालीच बसल्या. "वं माय वं! कानबाईना रोट भायेरना मानूसनी खादा! आते कसं व्हई?"

घटकेत सगळी भाऊबंदकी आमच्या अंगणात गोळा झाली. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. कुणी म्हणे कुळाला बाध येईल. कुणी म्हणे पीक जाईल. कुणाला लगेच आठवलं की एका साली रोट कुत्र्यानं पळवला होता तर त्या घरची म्हैस आटली. ताईबाई दर वाक्याला माझ्याकडे बघायची, म्हणजे पोरीला असं वळण कुणी लावलं ते सगळ्यांना कळावं. मी तिच्याकडे असं पाहिलं की तिनं बघणं सोडलं.

तेवढ्यात वच्छी शाळेतून आली. अंगणात एवढी माणसं पाहून दारातच थबकली. मला वाटलं, आता ही पळणार. पळाली नाही. पाटी ओसरीवर ठेवली आणि मध्ये येऊन उभी राहिली.

आमच्या भाऊबंदांत सगळ्यांत वडील हिलाल नाना. त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा. नाना बाजेवर बसले होते. त्यांनी तिला जवळ बोलावलं. आवाज चढवला नाही.

"बेटा, रोट तू दिधा?"

"हाव."

"तुले माहीत नही का, आपला रोट दुसरास्ले देतस नही?"

"माहीत शे."

अंगणात कुजबुज झाली. सासूबाईंनी कपाळाला हात लावला.  पोरीनं विसरून दिला असता तर चूक म्हणून सुटली असती, हिनं तर जाणूनबुजून दिला होता.

"मंग कसाले दिधा?" नाना म्हणाले.

वच्छीनं आधी माझ्याकडे पाहिलं. मग नानांकडे वळून, शाळेत पाढे म्हणतात तशी सरळ उभी राहून म्हणाली, "बाईस्नी सकायपाहिन काही खादं नव्हतं. दूध लागी गयं, त्यास्नी पुन्हा पानी आनं, पुन्हा उकायं. मंग त्या टेबलवर डोकं ठेवीसन बसन्यात. माले वाटनं, पडी जातीन. आनि नाना, रोट आपलाच मानसे खातस ना?"

"हाव."

"मंग जो खाई तो आपला व्हई. आपला मानूसले कोनी उंबराभायेर बसाडत नही."



मी आजवर पुष्कळ भांडणं केली, पुष्कळ जिंकली. पण त्या क्षणी मला जे वाटलं ते कशातच वाटलं नव्हतं. मी शाळेत जाऊन बोंबा मारून आले, तिचा बाप वांगी घेऊन हात जोडून आला, आणि आमच्या दोघांच्या हातून जे झालं नाही ते करायला ही दहा वर्षांची पोर एकटीनं निघाली होती. रोट सकाळीच बांधून नेला, म्हणजे मनात आधीपासूनच होतं. आणि पकडल्यावर मान खाली घातली नाही. माझी पोर होती ती! माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत, बघू दे ताईबाईला.

लोटन मात्र तावातावानं पुढे आला. "नाना, असं कसं? उद्या कोनी बी येई नि रोट खाईसन आपला व्हई जाई!"

"येऊ दे," नाना म्हणाले. "आख्खा गावनी पोरे एकलीनी सांभायाले कोन येस, ते तर पाहूत."

"पन कानबाई कोपनी तर?"

"कानबाई काय आंधळी शे? तिना डोयासमोर खादा ना रोट? मंग तिले माहीत शे कोनी खादा नि कसाले खादा." नाना बाजेवरून उठून उभे राहिले. "रोट आपला मानसेस्नी खावाना. बाईनी खादा. म्हनीसन बाई आपली. पुढला वरीसले तिना नावनी सव्वा मूठ जास्ती ल्या. सरनं."

सासूबाईंनी विचारलं, "आनि ती लगीन करीसन गयी तर?"

"तर आपली आंडेर सासरले गयी," नाना म्हणाले. आंडेर म्हणजे लेक. मग सगळ्यांकडे एकदा पाहिलं, आणि आता मात्र त्यांचा आवाज चढला. "पन आज काय? आपली आंडेर गावना टोकले एकली राहास. सकायपाहिन उपाशी काम करस. आनि आपला घरन्या बाया काय करतस? पानी भराले जातस तव्हय तिना दारवरथून तोंड फिराई जातस. लाज वाटाले पाहिजे."

बायका पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागल्या. खरं होतं ते. नानांनी माझ्याकडे बोट केलं. "द्रौपदा, तू भांडाले गयथी ना? मंग आते आनाले बी तूच जाय."

मी दुसऱ्या दिवशी उजाडताच गेले. बाईंची खोली म्हणजे चार भांडी आणि एक ट्रंक, बाकी काही नाही. बाई केस विंचरत होत्या. मला दारात पाहिलं आणि त्यांचा चेहरा घट्ट झाला. म्हणाल्या, "मला काल संध्याकाळी कळलं. ते तुमच्या घरचं, इतरांना न द्यायचं होतं म्हणे. मला ठाऊक नव्हतं. तुमची मुलगी काही बोलली नाही, नुसतं पुढे केलं. मी... मला भूक लागली होती हो." एवढं बोलताना त्या बाईचा ताठ कणा पहिल्यांदा वाकला. "काय दंड असेल तो सांगा."

"दंड शे ना," मी म्हणाले. "आते तुम्ही आमना घरन्या व्हई ग्यात. हाऊच दंड."

 मी त्यांना नानांचं सगळं सांगितलं. मग म्हणाले, दूध उकळायला आजपासून आमच्या घरची एकेक बाई पाळीनं येईल, तुम्ही चुलीपाशी जायचं नाही. आणि सकाळी घरून भाकरी येईल ती खाऊन शाळेत जायचं.

"मला कुणाचे उपकार नकोत," बाई पटकन म्हणाल्या. तोच आवाज, वांगी परत करणारा.

"उपकार परक्यावर करतस," मी म्हणाले. "घरनी पोरले जेवाडानं त्याले काय उपकार म्हनतस का?"

बाई खाली बसल्या. हातातला कंगवा तसाच. "मला इथं येऊन दोन वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "दोन वर्षांत या गावात कुणाच्या घरात मी पाऊल टाकलं नाही. कुणी ये म्हटलंच नाही." आणि मग रडल्या. चांगल्या मोकळ्या रडल्या. मी थांबवलं नाही. शेजारी बसून राहिले. 

रडणं ओसरल्यावर मी म्हणाले, "आते घरनं मानूस म्हनीसन एक गोट सांगस. राग येस, माले बी येस. मन्हासारखी तापट बाई ह्या गावमा दुसरी नही. पन वच्छीनं उत्तर बराबर व्हतं."

"बरोबर होतं," बाई हळूच म्हणाल्या. "मला तेव्हाच कळलं होतं. मला रस्ता सापडत नव्हता आणि तिला सापडला, सगळ्यांसमोर. सगळी हसली. डेप्युटी साहेब तपासणीला येऊन चार वर्ग एकटीला का सांभाळता येत नाहीत म्हणून आदल्याच दिवशी बोलून गेले होते. माझं डोकंच फिरलं. मग रोज वाटायचं, आज तिला आत घ्यावं. पण पोरांसमोर कमीपणा कसा घेऊ? आणि ती माझ्याकडे बघायची ना, ओट्यावरून... काल त्याच पोरीनं मला खायला घातलं."

 जिला कळलंय तिला आणखी काय सांगायचं?

त्या दिवशी दुधाची पाळी मीच घेतली. सुकी काटकी आणली, चूल पेटवली. ओट्यावरून आतलं सगळं ऐकू येत होतं. वच्छी आली. रोजच्यासारखी ओट्याच्या टोकाला पाटी ठेवायला लागली, आणि मला चुलीपाशी पाहून गोंधळली. तेवढ्यात बाई दारात आल्या.

"वत्सला, आत ये."

ती आत गेली. मी पातेलं सोडून खिडकीशी जाऊन उभी राहिले. मला कुणी हटकलं असतं तर मी हटले नसते. बाईंनी तिला फळ्यापाशी उभं केलं.  बाईंनी एकदा घसा खाकरला, पदर सारखा केला. त्यांना ते जड जात होतं, दिसत होतं.

"मुलांनो," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी वत्सलाचं उत्तर बरोबर होतं. मी रागात तिला बाहेर बसवलं. ते माझं चुकलं."

मास्तर असं म्हणतात हे मी जन्मात ऐकलं नव्हतं. माझ्या मास्तरनं छडी मारली तेव्हा मी निरपराध होते, ते कुणी मला आजतागायत सांगितलेलं नाही. 

बाई वच्छीकडे वळल्या. "वत्सला, तुला काही म्हणायचंय?"

मला वाटलं, पोरगी लाजून मान हलवेल आणि जागेवर जाईल. दुसरी कुठली असती तर तेच केलं असतं. पण ही माझी लेक. शाळेतल्या मराठीत, एकेक शब्द जपून म्हणाली, "बाई, तुम्ही मला रागवा. पण गणित चुकलं तर रागवा. बरोबर आलं तर नको."

दोन-तीन पोरं खुसकन हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी खरंच विचार केला आणि मान हलवली.

"कबूल," त्या म्हणाल्या. "आणि माझं चुकलं तर?"

वच्छीही थांबली. माझ्यासारखी ताडकन बोलणारी पोर, पण त्या वेळी तिनं विचार केला. "तर मी ओरडणार नाही," ती म्हणाली. "हात वर करीन."

अहो, मी तिची आई. मला भांडता येतं, पण हे मला कधी आलं नाही. आपलं खरं सोडायचं नाही आणि समोरच्याची लाजही जाऊ द्यायची नाही, हे त्या पोरीला कुणी शिकवलं देव जाणे. मी नक्कीच नाही. खिडकीच्या गजाला धरून मी उभी राहिले, आणि माझ्या मनात आलं, आता हिची शाळा कुणाच्या बापाला सोडवता यायची नाही. हिच्या बापालासुद्धा नाही.

बाईंनी तिला पहिल्या ओळीत बसवलं आणि फळ्यावर मोठा भागाकार मांडला. मांडता मांडता मागे पहिलीतलं एक पोर रडायला लागलं. बाई त्याच्याकडे गेल्या, त्याचं नाक पुसलं, परत आल्या आणि घाईघाईनं पुढचा आकडा लिहिला.  वच्छी फळ्याकडे बघत होती. मग तिचा हात वर गेला.

बाईंनी खडू खाली घेतला, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सांग."